बक्षिसी आणि हिशेब

जेवण संपते, बिल येते आणि बिलाबरोबर एका लहानशा ताटलीत बडीशेप येते. मुंबई-पुण्यापासून दिल्ली-बंगळुरूपर्यंतच्या उपाहारगृहांत ही ताटली अनेक वर्षे दोन कामे करीत आली. एक काम उघड होते, मुखशुद्धीचे. दुसरे कोणी बोलून दाखवीत नसे. सुट्टे परत आले की त्यातली काही नाणी, एखादी दहाची नोट बडीशेपेच्या दाण्यांत राहू द्यायची आणि उठायचे. गिऱ्हाईक दाराबाहेर पडले की वाढप्याने ती उचलायची. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हाताकडे पाहायचे नाही, असा हा अलिखित करार होता. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत दान करणाऱ्याने देताना मनात संकोच बाळगावा असे सांगितले आहे. त्या उपदेशाचे नावही न ऐकलेली माणसे त्या ताटलीपाशी तो नकळत पाळीत होती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआयची व्यवस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि २०२० च्या महासाथीने लोकांना नोटा-नाण्यांच्या स्पर्शाचीच धास्ती घातली. या तिन्हींचा मिळून परिणाम असा झाला की, आता बहुतेक बिलांची रक्कम पैशापर्यंत अचूक चुकती होते आणि सुट्टे परत येण्याचा प्रसंगच येत नाही. ताटली अजून येते. तिच्यात आता बडीशेपच असते.

बक्षिसी मात्र नाहीशी झालेली नाही. तिने वाट बदलली. कोठे ती बिलाच्या पडद्यावर टक्क्यांच्या रूपाने उभी राहते, कोठे घरपोच जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये वीस, तीस, पन्नास अशा चौकटींत बसते, तर कोठे वाढपी स्वतःच्या मोबाइलवरचा चौकोनी कोड संकोचाने पुढे करतो. प्रश्न असा की, बदलली ती केवळ वाट की वस्तूच बदलली? आणि जी वस्तू मिळण्याच्या आशेने माणूस थोडे अधिक हसतो, थोडे अधिक चपळाईने पाणी भरतो, तिचे रूप पालटले तर त्याच्या कामामागच्या प्रेरणेचे काय होते?

मराठी भाषेने देण्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावे दिली आहेत आणि ती उगीच दिलेली नाहीत. गवयाला व कीर्तनकाराला मिळते ती बिदागी, पुरोहिताला मिळते ती दक्षिणा, बहिणीच्या तबकात पडते ती ओवाळणी. दिवाळीला गडीमाणसांना, पोस्टमनला द्यायची ती पोस्त. अडलेले काम उरकून देणाऱ्याच्या हातावर ठेवायचे ते चहापाणी. या शब्दावर लाचेची सावली पडून बराच काळ झाला. तमाशाच्या फडात रंगात आलेला प्रेक्षक दौलतजादा करतो, तेव्हा देणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारले जाते, कारण तेथे नाव हीच खरेदीची वस्तू असते. कोण वर उभा आहे आणि कोण खाली, देणे कामाच्या आधी आहे की नंतर, चारचौघांत आहे की आडोशाला, ते नाकारता येते की नाही, एवढे सगळे यातील प्रत्येक शब्द एका दमात सांगून जातो. बिदागी देताना देणारा किंचित वाकतो. बक्षीस मात्र वरून खाली येते. मूळ फारसी क्रियापदात देणे आणि क्षमा करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जीव बख्शणारा आणि बक्षीस देणारा एकाच आसनावर बसलेला असतो.

या सर्वांहून वेगळे होते ते बलुते. बलुते हे सिद्धांततः देणे नव्हते, गावाच्या पिकातला तो हक्काचा वाटा होता. व्यवहारात काय घडत होते ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. येसकर पाळीची भाकरी गोळा करण्यासाठी महाराला दारोदार फिरावे लागे आणि हक्काची भाकरी मागताना आवाज मात्र याचकाचा लावावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यात बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करण्याची आणि वतनदाराची कर्तव्ये निश्चित करण्याची तरतूद होती. त्यामागचे नैतिक सूत्र आजच्या चर्चेतही सोडून चालणार नाही. ज्याचा मोबदला अनिश्चित आहे आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या श्रमालाच नव्हे तर त्याच्या मानेलाही बाक येतो. बक्षिसीच्या गोडव्याविषयी बोलणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

तेव्हा ताटलीतल्या नाण्याचे नुसते स्मरणरंजन करून भागत नाही. ते नाणे रूपाने भेट होते आणि कार्याने वेतन. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात, स्वेच्छेने दिल्यासारखी दिसणारी भेट प्रत्यक्षात बंधनकारक असते हे दाखवून दिले. बक्षिसीत हे दुपेडी स्वरूप अगदी स्पष्ट दिसते. देणाऱ्याला वाटते, आपण खुशीने देतो. मालकाला ठाऊक असते की, गिऱ्हाईक देणारच असल्यामुळे आपण थोडा कमी पगार दिला तरी चालेल. अमेरिकेत तर हे गृहीत कायद्यातच लिहून ठेवले आहे. बक्षिसी मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान केंद्रीय वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट एवढेच राहिले आहे. बक्षिसी धरून सर्वसाधारण किमान वेतन भरले नाही तर उरलेली तूट मालकाने भरून काढायची, एवढीच त्याची जबाबदारी. काही राज्यांनी अधिक उदार नियम केले आहेत, पण केंद्राचा आकडा तेथेच आहे. तेथे गिऱ्हाईक भेट देत नाही, मालकाच्या खतावणीतला एक रकाना भरते.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार निराळ्या निमित्ताने केला आणि तो वाचण्यासारखा आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या १९७६ च्या प्रकरणात कामगारांना मिळणारी बक्षिसी ही पगाराचा भाग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. चाळीस वर्षांनी, २०१६ साली, आयटीसीच्या प्रकरणात तोच प्रश्न नव्या वेषात पुढे आला. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डाने बिलासोबत बक्षिसी दिली, ती आधी हॉटेलच्या खात्यात गेली आणि हॉटेलने ती कामगारांत वाटली. आता ती हॉटेलने दिलेला पगार ठरते काय, आणि पगार म्हणून तिच्यातून प्राप्तिकर कापून घेण्याचे बंधन हॉटेलवर येते काय? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. पैसा हॉटेलच्या हातातून गेला तरी तो हॉटेलचा होत नाही, हॉटेल केवळ विश्वस्त असते. आणि तो मिळण्याचा कामगाराला मालकाविरुद्ध सेवाकरारातून आलेला हक्कही नसतो. कराच्या एका कोरड्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालय एका मार्मिक जागी येऊन पोहोचले. यंत्राच्या वाटेने गेलेल्या बक्षिसीलाही मालकी असते आणि वाटेवरच्या प्रत्येकाने आपण वाटाड्याच आहोत हे लक्षात ठेवायचे असते.

ते सर्वांच्या लक्षात राहतेच असे नाही. ॲमेझॉनच्या फ्लेक्स नावाच्या व्यवस्थेत घरोघर सामान पोहोचवणाऱ्या चालकांना, ग्राहकांनी दिलेली सर्व बक्षिसी तुमचीच असे आश्वासन देण्यात आले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा की, २०१६ च्या अखेरीपासून कंपनीने स्वतः द्यायच्या मोबदल्याचा दर गुपचूप कमी केला आणि ती तूट बक्षिसीच्या पैशांतून भरून काढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलर भरण्याचे मान्य करून कंपनीने प्रकरण मिटवले. या प्रकरणात नैतिकदृष्ट्या लक्षणीय गोष्ट रकमेहून वेगळी आहे. चालकांना मिळणारा एकूण आकडा पाहून त्यांना काही कळण्याचा मार्ग नव्हता. ताटलीतले नाणे मालकाने पळवले तर वाढप्याला ते दिसते, निदान संशय तरी येतो. आकड्याच्या पोटात शिरलेला आकडा दिसत नाही.

परंतु याच आकड्याची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. नोंद ही लबाडाची सोय असते तशीच दुबळ्याचे शस्त्रही असते. नाण्याच्या काळात गल्ल्यावर बसलेला मालक दिवसाअखेरी बक्षिसीचा डबा उघडी आणि त्यातून फुटलेल्या कपबशीचे पैसे आधी कापून घेई. त्याविरुद्ध दाद मागायला कागद नसे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने मालकाला बक्षिसीतून स्वतःसाठी काहीही कापून घेण्यास मनाई केली, वाटप न्याय्य व पारदर्शक असण्याची अट घातली आणि कामगाराला नोंदी मागण्याचा अधिकार दिला. असा कायदा नोंदीवाचून पोकळच राहिला असता.

आता प्रेरणेकडे वळावे. बक्षिसीमुळे सेवा सुधारते, हे विधान इतके सहज केले जाते की त्याला पुरावा लागतो असे कोणाला वाटत नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी या विषयावर दीर्घकाळ अभ्यास केला आहे. गिऱ्हाइकाला सेवा कशी वाटली आणि त्याने किती बक्षिसी दिली यांचा संबंध असतो, पण तो फारच क्षीण असतो, असे या अभ्यासांतून दिसते. बिलाची रक्कम, प्रघात, सोबत कोण आहे, वाढणारी व्यक्ती कशी दिसते, अशा गोष्टी तेथे काम करीत असतात. म्हणजे वाढप्याच्या बाजूने पाहिले तर फळ कर्माला चिकटलेले नसतेच. तरीही तो चपळाई करतो. कशासाठी?

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो. कोडी सोडवण्यात रमलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यासाठी पैसे दिले गेले. पैसे बंद झाल्यावर त्यांचा त्या कोड्यांतला रस पूर्वीपेक्षाही कमी झाला. उलट शाबासकी मिळालेल्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. यातून निघालेला भेद पुढे बराच चर्चिला गेला. बाहेरून मिळणारी एखादी गोष्ट माणसाला तुझे काम चांगले झाले एवढे सांगते, तर दुसरी त्याला दोरी लावून ओढते. वस्तू तीच असू शकते, पण ती काय बोलते हे महत्त्वाचे.

ताटलीतले नाणे अस्पष्ट बोलत असे आणि त्या अस्पष्टतेतच त्याचे मोल होते. आजचे गिऱ्हाईक खूश होते, की दानशूर होते, की नुसते घाईत होते, हे वाढप्याला कळत नसे. म्हणून त्या नाण्याचा अर्थ स्वतःला रुचेल तसा लावण्याचे स्वातंत्र्य त्याला होते. चांगल्या दिवशी ती आपल्या कौशल्याची पावती वाटे, वाईट दिवशी नशिबाला बोल लावता येई. पडद्यावरच्या बक्षिसीने हे स्वातंत्र्य काढून घेतले. तेथे बक्षिसी तारे आणि गुण यांच्या शेजारी बसते, दिवसाची सरासरी निघते आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या सरासरीशी तिची तुलना करता येते. काल जे शाबासकीसारखे ऐकू येत होते ते आज प्रगतिपुस्तकासारखे वाचावे लागते. माणूस दोन्हींसाठी कष्ट करतो, पण सारख्या मनाने करीत नाही.

देणाऱ्याचेही तसेच. न्यूयॉर्कच्या टॅक्सींत कार्डाने पैसे भरताना पडद्यावर बक्षिसीचे तयार पर्याय दाखवले जात. त्यावरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, सुचवलेले टक्के वाढवले की सरासरी बक्षिसी वाढते; मात्र काहीच न देणाऱ्यांची संख्याही वाढते. हे दुसरे निरीक्षण पहिल्याहून बोलके आहे. आपण देणार होतो ते कोणी आपल्याकडून घेत आहे असे वाटताच माणसाचा हात आखडतो. अमेरिकेतील प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के प्रौढांनी, पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता अधिक ठिकाणी बक्षिसीची अपेक्षा केली जाते, असे सांगितले. गल्ल्यावरची मुलगी पडदा फिरवून समोर धरते, मागे रांग उभी असते, आणि शून्य टक्क्यांचा पर्याय शोधायला दोन पायऱ्या खाली जावे लागते. ज्या संकोचाने पूर्वी देणाऱ्याला विनम्र केले तोच येथे त्याच्या खिशात हात घालण्याचे साधन होतो. आपल्याकडे गल्ल्यावरचे बोलके यंत्र जमा झालेली रक्कम मोठ्याने पुकारते, तेव्हा तमाशाच्या फडाची आठवण यावी. फरक एवढाच की तेथे पुकारा देणाऱ्याने मागितलेला असतो.

सेवाशुल्काच्या वादात हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी उपाहारगृहांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. उपाहारगृहांच्या संघटनांचे म्हणणे असे की, या शुल्कातून स्वयंपाकघरातल्या, भांडी घासणाऱ्या, गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या माणसांनाही वाटा मिळतो. युक्तिवाद खोटा नाही. पण तो खरा मानला तर त्या माणसांना पुरेसा पगार का नाही, हा पुढचा प्रश्न मालकालाच विचारावा लागेल.

त्या पुढच्या प्रश्नाला एका मालकाने उत्तर देऊन पाहिले. न्यूयॉर्कचे उपाहारगृहचालक डॅनी मायर यांनी २०१५ साली आपल्या उपाहारगृहांतून बक्षिसी टप्प्याटप्प्याने बंद केली, पदार्थांच्या किमती वाढवल्या आणि पगार वाढवले. स्वयंपाकी आणि वाढपी यांच्या मिळकतीत पडलेली दरी त्यांना डाचत होती. प्रयोग पाच वर्षे चालला. किमती पाहून गिऱ्हाइके बिचकली, आणि चांगली कमाई असलेले जुने वाढपी सोडून गेले. २०२० च्या महासाथीत उपाहारगृहे पुन्हा उघडताना बक्षिसीही परत आली. अशा काळात लोक आपणहून मदत करू इच्छितात तेव्हा त्यांना अडवणे बरे नव्हे, असे एक कारण दिले गेले. या प्रयोगाच्या अपयशावरून बक्षिसी अपरिहार्य आहे असे सिद्ध होत नाही. शेजारची सगळी उपाहारगृहे जुन्या रीतीने चालत असताना एकट्याने न्यायी होण्याची किंमत किती असते, एवढे मात्र दिसते. जपानात बक्षिसी देण्याची रीत नाही आणि तेथील आतिथ्याला कोणी आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा प्रेरणेसाठी बक्षिसी लागतेच, हे म्हणणे फार ताणू नये.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. काही परत मिळावे या हेतूने, किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले ते राजस. उपाहारगृहातून उठून जाणाऱ्या, पुन्हा कधी न येणाऱ्या प्रवाशाने ताटलीत ठेवलेले नाणे पहिल्या प्रकाराच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते, कारण काम होऊन गेलेले असते. यंत्राने केलेली सर्वांत खोल उलथापालथ काळाच्या या क्रमात आहे. घरपोच जेवणाच्या ॲपमध्ये जेवण येण्याआधी बक्षिसी ठरवता येते. टॅक्सीच्या ॲपमध्ये चालकाने भाडे स्वीकारावे म्हणून आगाऊ बक्षिसी देऊ करण्याची सोय आली, तेव्हा मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक मंत्र्यांनी ती अनैतिक असल्याचे म्हटले आणि प्राधिकरणाने उबरला नोटीस पाठवली. आक्षेप ग्राहकाच्या बाजूने घेतला गेला आणि तो योग्यच होता. चालकाच्या बाजूनेही तो घेता आला असता. काम होण्याआधी देऊ केलेली रक्कम चालकाला काहीच सांगू शकत नाही: त्याने गाडी जपून चालवली की नाही, म्हाताऱ्या प्रवाशाची पिशवी उचलून दिली की नाही, यांतले काहीही. ती फक्त बोली असते. बोलीवर मिळालेल्या कामात माणूस प्रामाणिक राहू शकतो, पण त्याच्या चांगुलपणाची दखल घेणारी जागा त्या व्यवहारात उरत नाही, आणि तो दयाळूपणा मग त्याने स्वतःच्या हिशेबावर करायचा असतो.

मॅरियट या हॉटेलसमूहाने २०१४ साली अमेरिका व कॅनडातील आपल्या खोल्यांत लिफाफे ठेवण्याची मोहीम काढली होती. खोली साफ करणाऱ्या व्यक्तीचे नाव त्या लिफाफ्यावर असे आणि पाहुण्याने जाताना त्यात काही ठेवावे अशी अपेक्षा असे. पगार वाढवण्याऐवजी पाहुण्यांकडे बोट दाखवले म्हणून तेव्हा टीका झाली आणि ती गैर नव्हती. आज तिकडच्या अनेक हॉटेलांत लिफाफ्याच्या जागी छापील कोड असतो. रोख पैसे न बाळगणारा पाहुणा त्यामुळे देऊ शकतो. लिफाफ्यात त्याने काहीच ठेवले नसते. पाहुण्याची आणि चादरी बदलणारीची गाठ पूर्वीही पडत नसे, आताही पडत नाही. पण लिफाफा तिच्या हाताने उघडला जाई, त्याच खोलीत, विस्कटलेल्या अंथरुणाशेजारी, आणि कोणत्या खोलीतून काय मिळाले हे तिला त्या क्षणी कळे. कोडवर आलेली रक्कम त्या दिवशीच्या सगळ्या खोल्या साफ करणाऱ्यांत वाटली जाते की तिच्या एकटीच्या खात्यात जाते, हे त्या हॉटेलने व्यवस्था कशी लावली आहे यावर अवलंबून असते, आणि पाहुण्याला ते विचारायला कोडवर जागा नसते.